लेकरासाठी खोटे करावे काय?

(सिंदेवाही तालुक्यातील एका खेड्यात शाळेच्या पालक सभेत गुरुजींनी केलेले भाषण)

मायबापहो, आणि ज्यांची लेकरे यंदा प्रथमच पटावर आली त्या आयांनो,

मी शिक्षणाच्या महत्त्वावर बोलावे असे ठरले होते. परंतु पऱ्हे टाकून झाले, रोवणी तोंडावर आली, अशा दिवसांत मजुरी बुडवून जी माणसे शाळेच्या सतरंजीवर येऊन बसली, त्यांस शिक्षणाचे महत्त्व सांगणे म्हणजे ढिवराला तलाव दाखविणे होय. म्हणून तो विषय बाजूस ठेवतो आणि दुसराच, थोडा अडचणीचा विषय घेतो. आपल्या लेकराच्या भल्यासाठी आईबापांनी कधी खोटे करावे काय?

हा प्रश्न मी पुस्तकातून काढलेला नाही. दर साल मृगाचे पाणी पडले म्हणजे तो आपल्या पायांनी चालत शाळेच्या ओट्यावर येतो. कोणी म्हणतो, गुरुजी, पोराची तारीख चार महिने मागे घ्या. कोणी म्हणतो, जातीच्या रकान्यात एकच शब्द वाढवा, पुढच्या पिढ्यांचे कल्याण होईल. कोणी आडून आडून विचारतो, दहावीच्या केंद्रावर तुमच्या ओळखीचे कोणी आहे काय? आणि खरे सांगतो, यांतला एकही मनुष्य चोर नसतो. दुसऱ्याच्या धुऱ्यावरची तुरीची शेंगही न तोडणारी ही माणसे. सर्वांचे म्हणणे एकच असते : "गुरुजी, माझ्यासाठी मागत नाही, लेकरासाठी मागतो." स्वतःसाठी खोटे करणारा खाली मान घालून येतो. लेकरासाठी करणारा ताठ मानेने येतो, आणि नाही म्हटले तर गुरुजीच निर्दय ठरतो.

सर्वांत लहान खोटे एस.टी.च्या गाडीत बोलले जाते. अगदी लहान पोरास तिकीट नाही, बारा वर्षांपर्यंत अर्धे. कंडक्टर जवळ आला की सहा वर्षांचे पोर चारचे होते आणि तेरा वर्षांचे अकराचे. पोर मात्र नुकतेच शाळेत वय सांगावयास शिकलेले असते. ते साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात "मी सहा वर्षांचा आहे" म्हणून सांगते आणि घरी जाऊन मार खाते. दुसऱ्या दिवशी ते माझ्यापुढे येऊन बसते, आणि फळ्यावर मी लिहिलेले असते, 'नेहमी खरे बोलावे'. त्याने कोणाचे ऐकावे? असो. दहावीस रुपयांची ही गोष्ट, तिच्यावर अधिक वेळ घेत नाही.

वयाचे खोटे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात शिरले म्हणजे मात्र ते दहावीस रुपयांचे राहत नाही. जुन्या पिढीतील कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै आहे. त्यात लबाडी नव्हती. आईला पोळ्याच्या पाडव्याला झाला एवढे आठवत होते आणि गुरुजींस रकान्यात आकडा हवा होता. आज ती सबब उरलेली नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलास शाळेच्या प्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्माच्या नोंदणीचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा, असा कायदा झाला आहे. त्याआधी जन्मलेल्यांची जी तारीख एकदा रजिस्टरात बसली, ती शाळा सुटल्यावर सहजासहजी हलत नाही. भरतीत वय एक महिन्याने जास्त भरले म्हणून परत आलेली पोरे, आणि पहिलीत लवकर बसवावे म्हणून त्यांचे वय वाढवून सांगणारे त्यांचे बाप, दोन्ही मला ठाऊक आहेत.

मुलींच्या बाबतीत तर हे वय दोनदा वाढते. एकदा पहिलीत घालताना, आणि दुसऱ्यांदा ती चौदा-पंधराची झाली म्हणजे. तेव्हा बाप म्हणतो, स्थळ चांगले आले आहे, धानाची चार एकर ओलिताची जमीन आहे, पोरीचे भलेच होईल, अठरा पूर्ण असे लिहून द्या. २००६ सालच्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलीचे लग्न लावून देणाऱ्या आईबापांस शिक्षा आहे, हे त्यास ठाऊक असते, म्हणूनच तो माझ्याकडे येतो. पोरीचे भले होणार हे त्याने ठरविले, मुलाकडच्यांनी ठरविले, मध्यस्थाने ठरविले. ती त्या वेळी सातवी-आठवीच्या वर्गात बसलेली असते आणि तिला कोणी विचारलेले नसते. ज्या खोट्यास आपण 'लेकराच्या भल्यासाठी' म्हणतो त्यातले पुष्कळसे खोटे असे आईबापांच्याच सोयीचे असते, ही गोष्ट मनाशी तपासून पाहावी.

कॉपीविषयी थोडक्यात सांगतो. ज्या बापाने दहा वर्षांत एकदाही पोरास पुस्तक उघडून बसविले नाही, तो दहावीच्या गणिताच्या दिवशी चिठ्ठी दातांत धरून केंद्राच्या भिंतीवर चढतो. इतकी मेहनत त्याने पोराच्या अभ्यासावर घेतली असती तर! १९८२ सालापासून महाराष्ट्रात परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. पण कायद्याचे भय मी घालीत नाही. कॉपी करून पास झालेले पोर ब्रह्मपुरीच्या किंवा मूलच्या कॉलेजात जाऊन बसते, पहिल्या वर्षी त्यास काही समजत नाही, दुसऱ्या वर्षी ते घरी परत येते, आणि मग बाप म्हणतो, शिक्षणात काही राम नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

इथे माझ्या धंद्यातील लोकांस मी सोडून दिले असे तुम्ही म्हणू नये. शिक्षक होण्यासाठी जी पात्रता परीक्षा आहे, तिच्याच निकालात पैसे घेऊन फेरफार झाल्याचे २०२१ साली पुणे पोलिसांनी उघडकीस आणले आणि २०२२ साली परीक्षा परिषदेने साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. तुमच्या लेकरांस खरेपणा शिकविण्याची परीक्षा, आणि तीच अशी! कुंपणाने शेत खाल्ले तर शेताने कोणाकडे पाहावे?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हिच्यावर मला वेळ घ्यावयाचा आहे, कारण आपल्या भागात घरे बसतात ती हिच्यापायी.

सर्वोच्च न्यायालयाचा २ सप्टेंबर १९९४ चा एक निकाल आहे. मुंबईकडील एका घरातील दोन मुली होत्या. त्या 'महादेव कोळी' या अनुसूचित जमातीच्या आहेत असा दाखला बापाने मिळविला आणि त्या बळावर डॉक्टरी शिक्षणातील जमातीच्या राखीव जागा मागितल्या. घरच्या जुन्या शाळेच्या नोंदींत मात्र 'हिंदू कोळी' असे होते. कोळी निराळे आणि महादेव कोळी निराळे. तपासणी समितीने दावा फेटाळला. प्रकरण कोर्टात चालू राहिले आणि तोवर मुली शिकत पुढे सरकत राहिल्या. अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने दाखला खोटाच ठरविला. थोरली शिक्षणाच्या शेवटास पोचली होती, म्हणून तिला परीक्षेस बसू दिले. धाकटी मध्यावर होती. जमातीच्या सवलतीवर तिला पुढे शिकू देण्यास न्यायालयाने नकार दिला. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकच दाखला, आणि एकीच्या पायाखाली फळी राहिली, दुसरीच्या पायाखालची निघाली.

त्याच निकालात दाखल्यांची तपासणी कशी करावी याचे १५ नियम घालून दिले आहेत. आज दक्षता पथकाचा अधिकारी गावात येऊन म्हाताऱ्यांस विचारपूस करतो, जुन्या शाळेचे रजिस्टर उघडतो, हे सर्व त्या नियमांतून आलेले आहे. त्यांत एक नियम असाही आहे की दावा खोटा ठरल्यास आईबाप, पालक किंवा उमेदवार यांच्यावर खटला भरावा. म्हणजे 'लेकरासाठी केले' ही सबब न्यायालयाने आधीच ओळखून ठेवली होती.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या निकालास आज वकील, कचेरीतले बाबू, समित्यांचे अधिकारी काय म्हणतात? 'माधुरी पाटील निकाल' म्हणतात. माधुरी हे त्या धाकट्या मुलीचे नाव. दाखला मिळविण्याची खटपट बापाची आणि नाव राहिले मुलीचे. जातपडताळणीच्या कोणत्याही कोर्टाच्या कागदात पाहा, बापाचे नाव शोधून काढावे लागते, मुलीचे पहिल्या ओळीत असते. तीस वर्षे होऊन गेली, अजून रोज कोठल्या तरी कचेरीत ते नाव घेतले जाते. बापाने मुलीचे नाव मोठे व्हावे म्हणूनच सारे केले असेल. तसे ते झाले!

कोणी म्हणेल, पोरास काय ठाऊक होते? बापाने केले ते बापाने भोगावे. न्याय असाच असावा हे मलाही वाटते, पण कायदा तसा नाही, आणि विचार केला तर तो तसा असूही शकत नाही. जातीच्या दाखल्यांसंबंधी महाराष्ट्राचा जो कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला, त्याप्रमाणे दाखला खोटा ठरला की प्रवेश जातो, नोकरी जाते, मिळालेली पदवी रद्द होते, आणि शिष्यवृत्तीचा घेतलेला पैसा थकलेल्या जमीनमहसुलाप्रमाणे वसूल होतो. थकलेला सारा कसा वसूल होतो हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. जो जाणूनबुजून खोटा दाखला काढतो त्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैदही सांगितली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली आणखी स्पष्ट केले की जागा परत घेण्यासाठी मनात लबाडी होती हे सिद्ध करण्याचे कारण नाही. तुरुंगाच्या शिक्षेसाठी लबाडी पाहतील, जागा मात्र लबाडी असो नसो, जाईल. म्हणजे ज्या लेकरास काहीच ठाऊक नव्हते, तेही सुटत नाही.

त्या निकालानंतर काय झाले ते विदर्भात पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले. जमातीच्या राखीव जागेवर लागलेले, पण ज्यांचा दावा पुढे टिकला नाही, असे हजारो सरकारी नोकर २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने 'अधिसंख्य' पदांवर गेले. अधिसंख्य म्हणजे अकरा महिन्यांची नोकरी. वीस-पंचवीस वर्षे नोकरी केलेला, पन्नाशीला आलेला, घराचे कर्ज फेडणारा मनुष्य एका कागदाने अकरा महिन्यांचा झाला. त्याचा दाखला ज्या बापाने काढला होता तो कित्येकांच्या बाबतीत हयातही नव्हता. बापाने बी टाकले, पीक मुलाच्या पदरात पडले, आणि तेही मुलाचीच पोरे कॉलेजच्या वयाला आली तेव्हा.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या हातून अन्याय होईल. त्या सर्वांस लबाड म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. हलबा आणि कोष्टी यांचा वाद किती जुना आहे, आणि कितीतरी घरांत 'आम्ही हलबाच' ही समजूत पिढ्यांची आहे, हे नागपूर-भंडाऱ्याकडे गेलेल्या कोणासही ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी हलबा-कोष्टी हे हलबा नव्हेत असा निकाल दिला, तेव्हाही त्या खटल्यातील तरुणाची डॉक्टरीची पदवी काढून घेतली नाही, पुढचा लाभ मात्र बंद केला. आपला दावा खरा आहे असे मानून उघडपणे मांडणे ही फसवणूक नव्हे. गोवारी बांधव २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरास विधानभवनावर आपले मागणे घेऊन गेले, आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि पोरे पुष्कळ होती. पुढे २०२० साली त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. टिकला नाही म्हणून त्यांस कोणी खोटे म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. ते दिवसाढवळ्या रस्त्यावर उभे राहून मागत होते. फसवणूक करणारा रस्त्यावर येत नाही. तो रात्री कोणाच्या तरी घरी पाकीट घेऊन जातो आणि जुन्या रजिस्टरात निराळ्या शाईने एक शब्द घुसवून येतो. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता सांगा, हा शब्द घुसविल्याने कोणाचे जाते? सरकारचे जाते, असे बहुतेकांस वाटते. सरकारचे काय जाते? तलावाचे उदाहरण घ्या. आपल्या गावचा तलाव मालगुजारीच्या काळचा आहे. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. भादव्यात पाऊस ताणला, धान पोटरीवर आले, आणि रात्री दोन वाजता कोणी उठून पाटाची पाळ फोडून पाणी आपल्या बांधीत घेतले, तर तो म्हणतो काय? तलावाचे पाणी घेतले. पण सकाळी कोरडी पडलेली बांधी तलावाची नसते, शेपटाकडच्या एखाद्या विधवेची असते. राखीव जागा अशीच आहे. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा तलावाच्या शेपटाकडच्या बांधीपर्यंत पाणी पोचावे हीच त्यातली कळ होती. कोरची, एटापल्ली, भामरागडच्या बाजूचे गोंड-माडियाचे पोर आश्रमशाळेत शिकते, सुटीत मोहफुले वेचते, तेंदूपत्ता बांधते, आणि यादीत एका जागेने खाली राहते. वरची जागा कोणी घेतली हे त्यास कधीच कळत नाही. ज्याने घेतली तोही त्या पोराचे तोंड कधी पाहत नाही, म्हणून त्यास वाटते की आपण कोणाचे घेतलेच नाही.

आपले नाव दुसऱ्याच्या मेहनतीवर लिहिले गेले म्हणजे काय वाटते, हे या भागास शिकवावे लागत नाही. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे धनी. १९८३ साली बांधीत निराळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी वेगळ्या काढल्या, साल दरसाल त्यांतून निवड करीत गेले, आणि त्यातून जे धान निघाले त्यास मनगटी घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. आज ते कोठे पिकत नाही? कृषी विद्यापीठाने ते बियाणे नेऊन शुद्ध केले आणि १९९८ साली स्वतःच्या नावाने प्रसृत केले. आपल्या कष्टाचे श्रेय आपणास दिले नाही, असे दादाजी ३ जून २०१८ रोजी वारले तोवर सांगत होते. ते ऐकून आपला जीव जळला ना? मग राखीव जागेच्या यादीत दुसऱ्याच्या नावावर आपल्या पोराचे नाव चढविताना तोच जीव कोठे जातो?

यावर जे उत्तर येते ते मला पाठ आहे. "गुरुजी, मोठे लोक करतात, आम्हीच काय घोडे मारले?" करतात, खोटे कशाला सांगू! वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असलेल्या गरिबांच्या मुलांसाठी खासगी शाळांत ज्या पंचवीस टक्के जागा आहेत, त्या मिळविण्यास बनावट कागद जोडल्याबद्दल २०२४ साली नागपुरात पालकांवरच पोलिसांत गुन्हे दाखल झाले. त्याच साली डॉक्टरीच्या नीट परीक्षेच्या प्रकरणात लातुरात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांस अटक झाली. पोरांच्या गुणांसाठी पालकांकडून पैसे घेण्याचा व्यवहार होता असा आरोप आहे, खरेखोटे कोर्ट ठरवील. पण मोठ्यांचे आणि आपले एक नाही. मोठ्याचे पोर एका दाराने बाहेर पडले तर दुसऱ्या दाराने आत जाते. बाप पैसे भरून परराज्यात, परदेशात पाठवितो. आपले पोर पडले की थेट बांधीत पडते, आणि डोक्यावर वसुली घेऊन पडते. दुसरे असे की लबाडीची शर्यत लागली तर ती नेहमी पैसेवालाच जिंकणार. शंभर रुपयांचा खोटा कागद हजाराच्या खोट्या कागदापुढे टिकेल काय? गरिबाला तपासणी कडक हवी, ढिली नको. खरा कागद हेच एक असे आहे जे श्रीमंतास विकत घेता येऊ नये म्हणून आपण भांडू शकतो, आणि आपणच खोटा वापरला तर भांडावयाचे तोंड राहत नाही.

आता एक अडचण अशी आहे की तिचे उत्तर मला इतके सोपे वाटत नाही. दाखला खरा आहे, जुनी नोंद खरी आहे, पोर हुशार आहे, प्रवेशाची शेवटची तारीख चार दिवसांवर आली आहे, आणि टेबलापलीकडचा मनुष्य म्हणतो, चहापाण्याचे द्या. बापाने द्यावे काय? दिले तर तो फसविणारा झाला काय? माझे मत असे : तो फसविणारा नव्हे, लुटला गेलेला आहे. त्याने कोणाच्या पोराचे घेतले नाही, स्वतःच्याच वस्तूसाठी दंड भरला. दोष घेणाऱ्याचा. तरी पण देऊ नका असेच मी सांगेन, कारण एकाने दिले की दुसऱ्या दिवशी दर वाढतो आणि ज्याच्याजवळ तेवढेही नाहीत त्याचा खरा कागद तिथेच पडून राहतो. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा फुकट फोन १०६४ आहे, तो शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. आणि २०१५ सालच्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे दाखला किती दिवसांत द्यावयाचा याची मुदत ठरलेली आहे. अर्जाची पोच मागा. पोच मागणाऱ्या मनुष्याचा कागद हरवत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग लेकरासाठी बोललेले प्रत्येक खोटे वाईटच काय? तसे मी म्हणत नाही. घरात भाकर कमी पडली म्हणजे आई पोरांस सांगते, मी आधीच जेवले. शहरात शिकणाऱ्या पोरास जात सांगितली तर भाड्याची खोली मिळत नाही, म्हणून बाप घरमालकापुढे आडनाव गिळतो. यांस कोणी लबाडी म्हटले तर मला मान्य होणार नाही. आईने आपल्याच वाट्याची भाकर दिली. बापाने जे लपविले ते विचारण्याचा घरमालकास अधिकारच नव्हता, आणि त्या खोलीचे भाडे तो इतरांइतकेच देतो. दोघांनीही दुसऱ्याच्या पोराच्या बांधीतले पाणी वळविले नाही. आडनाव लपविण्याची पाळी ज्या समाजात येते, तेथे खाली मान घरमालकाने घालावी.

शेवटी कामाचे बोलतो. खोटा शब्द घुसविण्यास जितकी माणसे येतात त्यांतली निम्मी अशी असतात की त्यांचा खरा हक्कच त्यांस ठाऊक नसतो. आपला चांदा जिल्हा जुन्या मध्यप्रांतातला. त्या काळी गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवी, ते कोतवाल बुक. त्यात बहुधा पोराचे नाव नसते, 'मुलगा झाला', 'मुलगी झाली' एवढेच असते, पण बापाचे नाव, गाव आणि जात असते. तपासणीत अशा जुन्या कागदास सर्वांत अधिक वजन आहे. अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० च्या, जमातींस ६ सप्टेंबर १९५० च्या, विमुक्त-भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिला जातो. पोर बारावीत गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते पाचवीत असतानाच हे कागद काढून ठेवावेत. घाईत असलेला बाप दलालाच्या हाती सापडतो.

रोवणी संपली की पोळ्यापर्यंत दर रविवारी सकाळी आठ ते अकरा मी शाळेत बसणार आहे. येताना आजोबा-पणजोबांचे नाव, त्यांचे मूळ गाव आणि घरात असेल तो जुना सात-बारा, जुना शाळेचा दाखला, जे सापडेल ते घेऊन या. म्हाताऱ्यांस विचारून या. वंशावळ कशी मांडावयाची ते दाखवीन, कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसिलीत द्यावयाचा अर्ज लिहून देईन. नाव एका कागदात एक आणि दुसऱ्यात दुसरे असेल, तर त्यासाठी काय करावे लागते तेही सांगेन. याला पैसे पडणार नाहीत, कचेरीची नकलेची जी फी असेल तेवढीच. जी नोंद निघेल ती जशीच्या तशी उतरवून देईन. तिच्यात शब्द वाढविण्यास मात्र माझ्याकडे येऊ नये. मागच्या पावसाळ्यात छप्पर गळून शाळेची जुनी रजिस्टरे भिजली होती. ती वाळवून, नवी बांधणी करून कपाटात ठेवली आहेत आणि १९२० सालच्या पुढची पाने वाचता येतात. ज्यांचे आजोबा या शाळेत शिकले त्यांनी पहिल्या रविवारी यावे.